मुलाचे नाव ठेवण्याचा हक्क बजावा!

धम्मबंधूंनो आणि भगिनींनो,

तुमच्या घरी मुलगा जन्मास आला आहे. तुम्ही धम्मदीक्षा घेतली आहे, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या आहेत, देव्हारा उतरविला आहे आणि भिंतीवर तथागतांची व परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर लावली आहे. आता पाळण्यातील त्या जिवाला काय म्हणून हाक मारावयाची, हा प्रश्न तुमच्यापुढे आहे. आजी म्हणते, वारलेल्या आजोबांचेच नाव ठेवा. शेजारी म्हणतो, पंचांगातून अक्षर काढून आणा. शहरात नोकरी करणारा मामा म्हणतो, कोणाला काही ओळखू येणार नाही असे एखादे गुळगुळीत नाव ठेवा. आणि मुलाच्या बापाने ‘उपाली’ किंवा ‘सोपाक’ असे नाव सुचविलेच, तर सारे घर एका सुरात विचारते, “हे कसले जगावेगळे नाव?”

त्या जगावेगळ्या नावाचे वकीलपत्र मी आज घेतले आहे. आपल्या बाजूचा आणि विरुद्ध बाजूचा पुरावा मी तुमच्यापुढे मांडतो. निकाल तुमच्या घरात, तुम्हीच द्यावयाचा आहे.

प्रथम हे ध्यानात घ्या की, नाव ठेवणे ही या देशात कधीही केवळ हौसेची गोष्ट नव्हती. ती कायद्याची गोष्ट होती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कोणी कसले नाव ठेवावे याचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल सुचविणारे असावे, क्षत्रियाचे बळ सुचविणारे, वैश्याचे धन सुचविणारे, आणि शूद्राचे? शूद्राचे नाव जुगुप्सित असावे, म्हणजे ऐकणाऱ्यास किळस यावी असे असावे. एवढ्यानेही स्मृतिकाराचे समाधान झाले नाही. शूद्राच्या नावाला जे उपपद जोडावयाचे तेही चाकरी दाखविणारे असावे, असे तो पुढच्याच श्लोकात सांगतो. जेथे शूद्राची ही गत, तेथे गावकुसाबाहेर राहणाऱ्यास कसले नाव मिळणार? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळण्यात आला, त्यात हा नियम होता. ग्रंथ जळाला, परंतु त्याने ठेवलेली नावे आपण कित्येक वर्षे आपल्याच तोंडाने उच्चारीत राहिलो. कचरू, उकिर्डा, धुळा, केरू, भिक्या, दगडू, धोंड्या!

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. दगडू आणि धोंडू ही नावे फक्त आपल्याच वस्तीत होती असे नाही. ज्या घरात मुले जगत नसत त्या घरात, मग ते कोणत्याही जातीचे असो, पुढच्या मुलाला मुद्दाम हलके नाव देत. हेतू हा की दृष्ट लागू नये, मृत्यूला वाटावे की हा नुसता दगड आहे. त्या आयांच्या काळजीला मी हसत नाही. ज्या बाईने चार मुले पुरली तिने पाचव्याला उकिरड्याचे नाव दिले, तर तिचा दोष कोणता? परंतु फरक पाहा. वरच्या आळीतल्या दगडूच्या शेजारी गोविंद आणि नारायणही नांदत होते. तेथे हलके नाव हा अपवाद होता. आपल्याकडे तोच नियम झाला. आणि एखाद्या बापाने धाडस करून चांगले नाव ठेवलेच, तर गाव ते नाव चांगले राहू देत नसे. रामाचा राम्या, सोमाचा सोम्या, गणपतचा गणप्या होई. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यालाही पाटलाचे दहा वर्षांचे पोर त्याच नावाने हाक मारी. शेवटचे ते ‘या’ अक्षर हीच आपली पदवी होती.

आता याच्या उलट एक दाखला पाहा. तो आपल्याच धम्मसाहित्यात, विनयपिटकात आहे. राजगृह नगरीत सालवती नावाच्या गणिकेला मुलगा झाला. तिने तो टोपलीत घालून उकिरड्यावर टाकून देण्यास सांगितले. अभय राजकुमार त्या वाटेने जात होता. कावळे जमलेले पाहून त्याने विचारले, तेथे काय आहे? लोक म्हणाले, मूल आहे. त्याने विचारले, जिवंत आहे काय? लोक म्हणाले, जिवंत आहे. त्या एका उत्तरावरून त्या मुलाचे नाव जीवक पडले. हाच जीवक पुढे तक्षशिलेस वैद्यक शिकला आणि तथागतांची व भिक्षुसंघाची शुश्रूषा करणारा थोर वैद्य झाला.

वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबा. मूल खरोखरीच उकिरड्यावर सापडले होते. उकिर्डा हे नाव कोणाला शोभणार असते तर त्यालाच. परंतु ज्याने त्याला उचलले त्याने भोवतालची घाण पाहिली नाही, आतला जीव पाहिला, आणि नाव जिवाचे ठेवले. याउलट आपली मुले आईच्या कुशीत जन्मली, आणि नाव मात्र उकिरड्याचे घेऊन जगली. दोन धर्मांतील अंतर मोजावयाचे असेल तर हे दोन दाखले शेजारी शेजारी ठेवा. तिसऱ्या पुराव्याची गरज नाही.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप विद्वानांचा आहे. ते म्हणतात, नावात काय आहे? तुमच्याच धम्मात नावाला किंमत नाही. मिलिंद राजाने नाव विचारले तेव्हा भदंत नागसेनांनी उत्तर दिले की नागसेन हा केवळ व्यवहारापुरता शब्द आहे. जातककथेत तर पापक नावाच्या तरुणाची गोष्टच आहे. त्याला आपले नाव अशुभ वाटले, म्हणून तो दुसरे नाव शोधावयास निघाला. वाटेत त्याला जीवक नावाच्या माणसाचे प्रेत दिसले, धनपाली नावाची दासी पैशापायी मार खाताना दिसली, पंथक नावाचा माणूस वाट चुकलेला भेटला. आणि आपले नाव आहे तेच बरे, असे ठरवून तो परत आला.

कथा खरी आहे, आणि मला ती प्रिय आहे. परंतु साक्षीदाराची साक्ष पूर्ण ऐकावी, अर्धी ऐकू नये. हा पापक कोण होता? तक्षशिलेस एका जगप्रसिद्ध आचार्याकडे विद्या शिकणारा विद्यार्थी होता. त्याचे नाव वाईट होते. पण त्या नावामुळे त्याला कोणी पाणवठ्यावरून हाकलले नव्हते, वर्गाबाहेर बसविले नव्हते. ज्याच्या हाती विद्या आहे त्याला पापक हे नाव परवडते. ज्याच्या हातातून विद्या, शस्त्र आणि धन ही तिन्ही काढून घेतली आहेत त्याला ते परवडत नाही. दुसरे असे की, पापकाने नाव बदलण्याची इच्छा सांगितली तेव्हा आचार्यांनी त्याला काय म्हटले? मनासारखे नाव शोधून ये, मी ते तुला देईन, असे म्हटले. म्हणजे नाव बदलण्याचा हक्क आचार्यांनी मान्य केला; तो बजावावयाचा की नाही हे शिष्याने ठरविले. आपणास एवढेच हवे आहे!

आणि नागसेनांचे म्हणणे तर आपल्याच बाजूचे आहे. नाव हा व्यवहारापुरता शब्द असेल, तर तो कोणाच्या पूर्वकर्माने ठरलेला नाही, ब्रह्मदेवाच्या पायातून निघालेला नाही. माणसांनी ठेवलेला शब्द माणसांना बदलता येतो. वासेट्ठ सुत्तात तथागतांनी हेच सांगितले आहे की नाव आणि गोत्र ही लोकव्यवहाराने दिलेली असतात; माणूस श्रेष्ठ किंवा नीच ठरतो तो त्याच्या कर्माने. अनाथपिंडिक श्रेष्ठीचा कालकण्णी नावाचा एक बालमित्र होता. कालकण्णी म्हणजे अवलक्षणी. अशा नावाचा माणूस घरात नको, असे लोक श्रेष्ठीला म्हणत. त्याने ऐकले नाही, आणि त्याच मित्राने पुढे त्याचे घर चोरांपासून राखले. यातून बोध असा की, नाव ऐकणाऱ्याने नावावरून माणसाची किंमत करू नये. परंतु हा ऐकणाऱ्याचा धर्म झाला. नाव ठेवणाऱ्याचा धर्म वेगळा आहे. मित्र अवलक्षणी नाही हे जाणणारा अनाथपिंडिक आपल्या मुलाचे नाव कालकण्णी ठेवील काय?

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार पूर्वीच निकालात काढला होता. ३१ मे १९३६ रोजी मुंबई इलाखा महार परिषदेपुढे बोलताना त्यांनी बजावले होते की धर्म तोच ठेवून नुसते नाव बदलल्याने काही साधणार नाही; धर्मांतरात मात्र नामांतरही येते, आणि तेच खरे नामांतर होय. दीक्षेच्या कितीतरी आधी त्यांनी आपल्या दादरच्या घराला राजगृह हे नाव दिले. १९४६ साली मुंबईत काढलेल्या महाविद्यालयाला सिद्धार्थ, आणि औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापरिसराला नागसेनवन ही नावे त्यांनीच दिली. त्या काळी ही नावेही लोकांना जगावेगळीच वाटली असतील. नावात काहीच नसते, तर त्या महापुरुषाने विटा-चुन्याच्या इमारतींची नावे एवढ्या विचाराने ठेवली असती काय? आणि तुम्ही मात्र हाडामांसाच्या मुलाचे नाव विचार न करता ठेवणार?

दुसरा आक्षेप घरातूनच येतो. आजी म्हणते, निदान अक्षर तरी पंचांगाप्रमाणे असू द्या. माउली, तुझ्या प्रेमापुढे माझी मान लवते. परंतु अक्षर कोण काढून देणार? जन्मनक्षत्राच्या चरणावरून अवकहडा चक्र पाहणारा तोच भटजी ना, ज्याच्या हातून कोणताही क्रियाकर्म करवून घेणार नाही अशी प्रतिज्ञा आपण केली? पुढच्या दाराने घालवलेला पुरोहित एका अक्षराच्या फटीतून मागच्या दाराने घरात येतो, आणि बारशाला आलेला तो लग्नालाही येतो. आपले नामकरण साधे आहे. तथागतांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती आणि उदबत्ती लावावी, त्रिसरण-पंचशील घ्यावे, आईबापांनी चारचौघांत नाव सांगावे. आत्याने कानात नाव सांगण्याची हौस जरूर पुरवावी. त्यात देव येत नाही, आत्या येते. मात्र नावाबरोबर त्या नावाची गोष्टही तिने जमलेल्या मंडळींना सांगावी.

तिसरा आक्षेप सर्वात गंभीर आहे, कारण तो भित्रेपणातून नव्हे तर अनुभवातून आलेला आहे. मामा म्हणतो, बौद्ध नाव ठेवले की साहेब लगेच ओळखतो, आणि अर्ज बाजूला पडतो. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठविण्यात आले होते. फरक फक्त नावाचा होता. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जदाराशी तुलना करता दलित नावाच्या अर्जदारास पुढे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशच भरली, आणि मुसलमान नावाच्या अर्जदाराची तर सुमारे एक-तृतीयांश. हा पुरावा आहे आणि तो मी मान्य करतो.

परंतु या पुराव्याने सिद्ध काय होते? गुन्हा झाला, हे सिद्ध होते. गुन्हेगार कोण, हेही सिद्ध होते. नाव वाचून अर्ज बाजूला टाकणारा तो गुन्हेगार आहे. मग शिक्षा नावाला का? चोरी होते म्हणून घर मोडावयाचे, की चोराला धरावयाचे? शिवाय, मामा, लपविण्याने लपते तरी काय? पहिले नाव गुळगुळीत केलेत; आडनाव बोलते. आडनाव बदललेत, गाव बोलते. गाव सोडलेत, शाळा सोडल्याचा दाखला बोलतो. लपते काहीच नाही, आणि मुलगा मात्र एक गोष्ट पक्की शिकतो: आपल्याजवळ लपविण्यासारखे काहीतरी आहे. ही लाज एकदा मनात शिरली की कोणत्याही पगाराने ती निघत नाही.

आणि आणखी एक गोष्ट पाहा. राहुल, सिद्धार्थ, गौतम, आनंद, मिलिंद, अशोक ही नावे आज कोणाच्या घरात नाहीत? ज्यांनी आपल्याला विहिरीवर येऊ दिले नाही त्यांच्याही नातवंडांची ती नावे आहेत. मिलिंद हा तर यवन राजा मिनँडर. आणि राहुल या नावाचा परंपरेने सांगितलेला अर्थ आहे बंधन! अर्थाची चौकशी न करता लोकांनी ती नावे प्रेमाने घेतली, कारण ती कानांना सवयीची झाली. नाव वापराने रुळते. भिऊन टाकून दिलेले नाव कधीच रुळत नाही. आज तुम्ही सोपाक म्हणावयास कचरलात, तर पन्नास वर्षांनीही ते जगावेगळेच राहील.

चौथा आक्षेप सवलतींचा. बौद्ध म्हणून उघड झालो तर सवलती जातील, ही भीती एके काळी निराधार नव्हती. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात आधी हिंदूंनाच आणि १९५६ पासून शिखांनाही स्थान होते. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन त्यात बौद्धांचा समावेश झाला. त्यालाही आता तीन तपे होत आली. तरीही त्या जुन्या भीतीने घरात बौद्ध आणि कागदावर हिंदू असा दुहेरी संसार चालविणारी कुटुंबे मला आजही भेटतात. त्यांना माझे सांगणे एवढेच की, कायदा बदलला आहे. आता तुम्ही बदला.

मग नाव कोणते ठेवावे? जगावेगळे म्हणजे अर्थहीन, असे कोणी समजू नये. दूरदर्शनच्या मालिकेतून उचललेले, कोणत्याच भाषेत अर्थ नसलेले नाव हेही जगावेगळे असते. पण ते रिकामे भांडे आहे. ज्या नावामागे माणूस उभा आहे ते नाव निवडा. उपाली हा शाक्यांचा न्हावी होता. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घेण्यास आले तेव्हा त्यांनीच विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा कुळाचा गर्व उतरेल. तोच उपाली राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचा अधिकारी ठरला. सुनीत हा वाळलेली फुले झाडून टाकणारा, लोकांनी हीन लेखलेला माणूस. तथागतांनी त्याला रस्त्यावर संघात बोलाविले. सोपाक हा स्मशानात जन्मलेला मुलगा. तो सात वर्षांचा असताना संघात गेला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या तिघांच्याही दीक्षेला मुद्दाम स्थान दिले आहे. जीवक वैद्य, नागसेन वादविवादपटू, दिङ्नाग आणि धर्मकीर्ती तर्कशास्त्राचे पंडित. आपल्या मुलाने झाडूच्या हातातून विनयाचे आसन घ्यावे, असे ज्याला वाटते त्याच्यासाठी याहून मोठी नावे कोठे आहेत?

मुलाला शाळेत चिडवतील, असे म्हणाल, तर चिडवणारे कोणत्याही नावाने चिडवतात. फरक एवढाच की, दगडूला उत्तर नसते, उपालीला असते. ते उत्तर मुलाला पाचव्या वर्षीच शिकवा. आणि आजोबांचे नाव टाकून देऊ नका. त्यांचा मान राखा. कोरेगावच्या विजयस्तंभावर ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘नाक’ आहे असे वीर कोरलेले आहेत. ती नावे आपल्याला लाजिरवाणी नाहीत. आजोबांचे नाव कचरू असले तरी आजोबा कचरा नव्हते, हेच तर नातवाला सांगावयाचे आहे.

शेवटी, कायद्याची चार वाक्ये लक्षपूर्वक ऐका. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्माची खबर एकवीस दिवसांच्या आत दिली पाहिजे. त्या वेळी नाव ठरले नसले तरी अडत नाही. नाव मागाहून बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क नोंदविता येते, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा नावाची घाई करू नका, पण नोंदणीत ढिलाई मुळीच करू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदारयादी, सरकारी नोकरी, पारपत्र या सर्वांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा आधार आहे.

दाखला हाती पडताच प्रत्येक अक्षर तपासा. कारकुनाला नाव अनोळखी असले की तो सोपाकचा सोपान करतो, सुनीतचा सुनील करतो, धम्मपालचा धर्मपाल करतो. चूक दिसताच त्याच कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती मागा. दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत गेलेली चूक काढताना चपला झिजतात. मराठी आणि इंग्रजी अक्षरांतले लेखन एकदाच ठरवा आणि सर्वत्र तेच ठेवा. धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचेही नाव येते. ते अभिमानाने लिहा. आडनाव बदलावयाचे असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या, आणि बापाचे व आजोबांचे जुने दाखले जपून ठेवा. जातपडताळणीच्या वेळी नवे नाव आणि जुने नाव एकाच घराचे आहे हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते.

नाव हा माणसाच्या ओळखीचा गाभा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली मान्य केले. जातीचा डाग लावणारे आडनाव बदलणे हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली म्हटले. पूर्वी किळसवाणे नाव ठेवा, असे शास्त्र सांगत होते. आज सन्मानाचे नाव घ्या, असे संविधान सांगते. हा हक्क आपल्याला कोणी दान म्हणून दिलेला नाही. त्यासाठी एका पुरुषाने आपले आयुष्य जाळले आहे.

म्हणून, बंधूंनो आणि भगिनींनो, पाळण्याजवळ उभे राहाल तेव्हा पंचांगाकडे पाहू नका, शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नका, साहेबाच्या कपाळावरील आठीकडे पाहू नका. मुलाकडे पाहा. अभय राजकुमाराने विचारलेला प्रश्न विचारा: जिवंत आहे काय? होय, जिवंत आहे. मग जिवंत माणसाला शोभेल असे नाव ठेवा, आणि ते मोठ्याने उच्चारा.

जय भीम!